एकोणपन्नास गळालेले

आमच्या विभागाच्या दारावर पितळी पाटी होती : ‘संशोधन आणि उपचार, एकाच छताखाली’. छत एकच होतं, हे खरं. संशोधन वरच्या मजल्यावर, गालिचा घातलेल्या थंडगार खोल्यांत चालायचं आणि उपचार तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या कोठाराला लागून. क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी सकाळी तळघरात पेशंट बघायचे आणि दुपारी वर जाऊन त्याच पेशंटांचे आकडे करायचे, अशी योजना होती. पाच वर्षांत माणूस दोन्हीत तयार होतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ते माहितीपत्रक लिहिणाऱ्या विभागप्रमुखांनी स्वतः शेवटचा पेशंट पाहिल्याला अठरा वर्षं झाली होती.

त्यांना आम्ही पाठीमागे ‘सरासरी’ म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य शेवटी सरासरीवर येऊन बसायचं. या नावाची सोय अशी की चुकून तोंडावर निघालंच तर ‘सर’पाशी थांबता यायचं.

ज्या बाईची ही हकिकत आहे तिला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. अकरा वर्षं ती मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होती. नोकरी सांभाळून तिने मानसशास्त्राच्या दोन पदव्या घेतल्या आणि अडतिसाव्या वर्षी आमच्या बॅचमध्ये दाखल झाली. आम्ही बाकीचे पाचजण चोविशी-पंचविशीतले. प्रवेश परीक्षेत पहिला नंबर हुकला, याहून मोठं दुःख आमच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या तेव्हा सरासरी म्हणाले, “वा, ब्लडप्रेशर तपासायला घरचं माणूस आलं.” सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. गाइड म्हणून मला तेच हवे होते.

सिस्टरची आणि माझी गट्टी जमली ती गरजेपोटी. तिला आकडेशास्त्र जड जायचं आणि मला पेशंटसमोर बसलं की घाम फुटायचा. मग दर रविवारी मी तिच्या घरी जायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नवरा कारखान्यात लेथवर कामाला. बोलणं कमी, पण मी गेलो की न विचारता टेबलावरचा पसारा उचलून आम्हाला जागा करून द्यायचा. बारा वर्षांची मुलगी आमच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करायची आणि आईची गणितं आईच्या आधी सोडवायची. आणि सासूबाई. त्यांना या शिक्षणाचा अर्थच लागत नव्हता.

“सुई टोचत नाहीस, गोळी देत नाहीस,” त्या सुनेला म्हणायच्या, “नुसतं ‘मग तुम्हाला काय वाटलं’ विचारतेस. ते मी शेजारणीला रोज विचारते. मला कुणी पदवी दिली नाही ती.”

सिस्टर हसून पुढच्या पानाकडे वळायची. मला त्या वेळी सासूबाई अडाणी वाटल्या होत्या. आमच्या तळघरात काय चालायचं ते बघता, त्या फार चुकत नव्हत्या.

तळघरात एक निरीक्षण खोली होती. मधोमध एकतर्फी काच, म्हणजे अलीकडे बसलेल्या विद्यार्थ्यांना पेशंट दिसावा आणि पेशंटला फक्त आरसा दिसावा. त्यासाठी अलीकडच्या खोलीत अंधार लागतो. आमच्याकडचं ट्यूबलाइटचं बटण मोडलेलं होतं आणि दिवा कायम पेटलेला असायचा. त्यामुळे पेशंट आपलं आयुष्य उलगडून सांगत असताना समोरच्या आरशात त्याला तीन पोरं बिस्किटं खाताना दिसायची. बटण दुरुस्त करण्यासाठी आम्ही तीनदा अर्ज केला. तिसऱ्या अर्जावर सरासरींनी शेरा मारला, ‘निरीक्षणाचा रुग्णावर होणारा परिणाम हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.’

दर गुरुवारी सुपरव्हिजन असायचं. ज्या पेशंटला आम्ही भेटलो त्याच्याविषयी अनुभवी माणसाने आमच्याशी तासभर बोलायचं, चुका दाखवायच्या, हा या शिक्षणाचा कणा. आमचा कणा पार्किंगमध्ये सरळ व्हायचा. सरासरी घरी निघताना गाडीच्या बॉनेटवर आमच्या वह्या ठेवून सह्या करायचे. “किती सेशन झाली? चौदा? छान. सरासरी गाठली की.” वहीत ‘एक तास’ लिहिलेलं असायचं. सहा वह्यांना चार मिनिटं लागायची, त्यातलं एक मिनिट पेनाचं टोपण शोधण्यात जायचं.

याच काळात त्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला. नाव ‘आठ पायऱ्या’. ज्यांना अचानक छातीत धडधडतं, श्वास कोंडतो, आता मरतो असं वाटतं आणि मग त्या धास्तीने घराबाहेर पडवत नाही, अशा माणसांसाठी आठ भेटींचा उपचार. प्रत्येक भेटीचा एक छापील कागद. चौथ्या पायरीला पेशंटला दोन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावायचं, म्हणजे मुद्दाम धडधड आणायची, आणि धडधडलं तरी माणूस मरत नाही हे त्याच्या अंगाला पटवायचं. जाणत्या माणसाने, आधी विश्वास कमावून केलं तर यात काही वाईट नाही. आमच्या कागदावर विश्वासासाठी एक ओळ होती : ‘रुग्णास धीर द्यावा.’

एकशे वीस माणसं अभ्यासात आली. एकाहत्तर जणांनी आठही पायऱ्या पूर्ण केल्या आणि त्यातली बहुतेक सुधारली. सरासरींनी त्यावर तीन निबंध लिहिले, सहा भाषणं दिली आणि केबिनमध्ये एक रंगीत आलेख फ्रेम करून लावला. सिस्टरच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय नेमून दिला : या एकाहत्तरांपैकी कोण जास्त सुधारले आणि कोण कमी. बसल्या जागी होणारं काम होतं. आकडे तयार, प्रस्तावना आधीच्या विद्यार्थ्याची, फक्त वाक्यं फिरवायची. मला असाच विषय मिळाला होता आणि मी कृतज्ञ होतो.

सिस्टरने बैठकीत विचारलं, “सर, उरलेले एकोणपन्नास?”

“ते गळाले.”

“गळून कुठे गेले?”

सरासरी तिच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघून म्हणाले, “सिस्टर, जे मोजता येत नाही, त्याच्या मागे संशोधक लागत नाही.”

“मोजता येतील, सर. पत्ते आहेत त्यांचे.”

बैठकीत पुढचा विषय निघाला. याचा अर्थ ‘नाही’ असा होता हे आम्हा पाचही जणांना कळलं. सिस्टरने तो ‘हो’ असा घेतला. वॉर्डात अकरा वर्षं काढलेल्या बाईला एक सवय होती : सकाळी खाटा मोजायच्या, आणि एक जरी रिकामी दिसली तर ते माणूस कुठे गेलं याचा शोध लागेपर्यंत पुढचं काम सुरू करायचं नाही. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं.

सात महिने, दर शनिवारी, ती त्या एकोणपन्नास माणसांच्या मागे फिरली. फोन, चिठ्ठ्या, बदललेले पत्ते, शेजाऱ्यांकडे चौकशा. आठजण सापडलेच नाहीत. एकेचाळीस सापडले. रविवारी टेबलावर ती एकेकाची गोष्ट सांगायची आणि मी ती ऐकताना तक्त्याचे रकाने आखायचो.

एकोणीस जणांचं कारण इतकं साधं होतं की हसू यावं. भेटी सकाळी अकराला असायच्या. बसचालक, शिंपीण, शाळेच्या कॅन्टीनमधली बाई, यांना सकाळी अकराला पोटामागे धावायचं असतं. वेळ बदलून मागितली तर खिडकीवरचा कारकून सांगायचा, अभ्यासाची वेळ ठरलेली आहे. अकराजण दोन-तीन भेटींतच बरे झाले होते, म्हणून आले नाहीत. म्हणजे आमचं सगळ्यात मोठं यश आम्ही अपयश म्हणून टाकून दिलं होतं, आणि सरासरींना त्याचाही पत्ता नव्हता. उरलेले अकराजण आमच्याकडे आले त्यापेक्षा वाईट होऊन गेले होते.

त्या अकरांत एक भूमितीचे शिक्षक होते.

आता हे मला सांगितलंच पाहिजे. छप्पन्न वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्या तीन भेटी बऱ्या गेल्या. चौथ्या भेटीला मी दार लावलं, कागद पुढ्यात घेतला, ‘घाबरू नका’ असं वाचून दाखवलं आणि घड्याळ लावून त्यांना जोरात श्वास घ्यायला सांगितलं. त्या खोलीत तेव्हा कुणीही सुपरव्हायझर नव्हता. काचेपलीकडे माझे सोबती होते. एक मिनिट दहा सेकंदांनी शिक्षकांनी टेबलाची कड धरली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. “थांबवा,” ते म्हणाले.

मी घड्याळाकडे बघून म्हणालो, “अजून पन्नास सेकंद राहिलेत.”

ते उठले, दाराकडे धावले, दार आत उघडतं हे न कळून त्यावर आदळले. मागे वळले तर समोरच्या आरशात तीन माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग दार उघडलं आणि ते गेले. दुसऱ्या आठवड्यात मी रजिस्टरात लिहिलं : ‘पाचव्या भेटीस अनुपस्थित. कारण अज्ञात.’ अक्षर फार सुबक आलं होतं.

सिस्टर त्यांच्या घरी पोचली तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत शिक्षक जिन्याच्या खाली उतरले नव्हते. नोकरी सोडली होती. बाजारहाट बायको करायची, केस कापायला न्हावी घरी यायचा.

सोमवारी तिने मला विभागाच्या जिन्यावर गाठलं. आवाज चढवला नाही. “अजून पन्नास सेकंद राहिलेत, असं म्हणाला होतास तू?”

मी होकारार्थी मान हलवली.

“तुझं नाव मी लिहिणार नाही,” ती म्हणाली. “चूक तुझ्या एकट्याची नाही. तुला शिकवायला खोलीत कुणी नव्हतं. पण ‘कारण अज्ञात’ मी ठेवणार नाही. माझ्या प्रबंधाच्या समितीने तुला विचारलं तर तू फक्त एवढंच सांग, की चौथी पायरी देताना सुपरव्हायझर हजर नव्हते. बाकीचं मी बघते.”

मी म्हणालो, सांगतो. अगदी मनापासून म्हणालो. मनापासून बोलणं मला कधीच जड जात नाही.

तीन आठवड्यांनी समिती बसली. माझा प्रबंध त्याच सुमारास सरासरींच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. त्यांनी सिस्टरचं एकोणपन्नास जणांवरचं प्रकरण चाळलं, बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळून अतिशय प्रेमळ आवाजात विचारलं, की उपचार सुपरव्हिजनशिवाय दिले गेले असं तुमच्या सहकारी लिहितात, तुमचा अनुभव काय.

“मला नीटसं आठवत नाही, सर,” मी म्हणालो.

मानसशास्त्रात स्मरणशक्तीवर आम्हाला एक आख्खा पेपर होता. त्यात मला पहिला वर्ग मिळाला होता.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती समोरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिली. समितीने निर्णय दिला की प्रबंध एकाहत्तर जणांवरच राहील आणि ‘पूरक निरीक्षणं’ हवी असतील तर परिशिष्टात, लहान टायपात टाकावीत. तिने टाकली. त्यानंतर प्रबंधात तब्बल दोन वर्षं दुरुस्त्या निघत राहिल्या. कधी समास चुकला, कधी तक्त्याची रेघ जाड झाली. माझ्या प्रबंधात एकही चूक निघाली नाही. कुणी वाचलाच नव्हता.

माझं रविवारचं जाणं बंद झालं. तिने येऊ नको म्हटलं नव्हतं, माझीच हिंमत झाली नाही. पुढचं मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. एकदा बसस्टॉपवर भेटला आणि, नेहमी चार शब्द बोलणारा तो माणूस, पंधरा मिनिटं बोलत राहिला. सिस्टर दर बुधवारी रजा टाकून शिक्षकांच्या घरी जात होती. विभागाच्या नियमात घरी जाऊन उपचार बसत नव्हते, म्हणून तिने विभागाला विचारलंच नाही. पहिले तीन बुधवार ती नुसती बसून राहिली. चौथ्या बुधवारी ती म्हणाली, श्वासाचं ते पुन्हा करायचं, पण आधी मी करणार आणि तुम्ही थांबा म्हणालात की थांबणार. मग ती स्वतः जोरजोरात श्वास घेत बसली. शिक्षकांनी वीस सेकंदांनी थांबवलं. पुढच्या खेपेला दोघांनी मिळून केलं, आणि दोन मोठी माणसं खुर्चीत बसून धापा टाकताहेत हे बघून शिक्षकांची बायको स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आली. मग दार, मग जिन्याची पहिली पायरी, मग फाटक. शिक्षकांनी वहीत घर ते फाटक असा नकाशा काढून पावलं मांडली होती. एकोणीस आठवड्यांनी ते शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले आणि परत आले. लिफ्टमध्ये ते अजूनही पाऊल ठेवत नाहीत. सिस्टरने तेही प्रबंधात लिहिलं.

शेवटी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आल्या त्या साठीच्या, जाड चष्म्याच्या बाई. मी तोवर विभागात नोकरीला लागलो होतो आणि मागच्या रांगेत बसलो होतो. सरासरींनी आपल्या रंगीत आलेखाचं कौतुक सुरू केलं तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मी प्रबंध घेतला की परिशिष्ट आधी वाचते,” त्या म्हणाल्या. “लोक अडगळीत काय टाकतात ते कळतं.”

आणि पुढचा एक तास चाळीस मिनिटं एकोणपन्नास माणसांवरच गेली. सिस्टर एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती. कुणाला कसं शोधलं, कोणता प्रश्न कसा विचारला, लोक तिला खूश करायला खोटं बोलले नसतील कशावरून, आठजण सापडले नाहीत त्याने निष्कर्ष किती हलतो. जिथे माहीत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ म्हणाली. त्या खोलीत हे दोन शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. संशोधन आणि उपचार एकाच माणसात कसे नांदतात, ते पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने दाखवलं नाही, त्या दुपारी दिसलं.

मग बाईंनी सरासरींना विचारलं, की या बिघडलेल्या अकराजणांसाठी विभागाने पुढे काय केलं.

“ही दिशा मीच त्यांना सुचवली होती,” सरासरी म्हणाले.

“मी दिशा नाही विचारली,” बाई म्हणाल्या.

सरासरी पाण्याचा ग्लास शोधू लागले. तो त्यांच्या हाताशीच होता.

पदवी मिळाली. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून सांगितलं की आमची सून डॉक्टर झाली, पण गुडघा दाखवायला तिच्याकडे जाऊ नका. विभागात जागा निघाली तेव्हा सिस्टरचा अर्ज वयाच्या कारणावरून मागे पडला. आणि सरासरी? सहा महिन्यांत ते एका मोठ्या परिषदेत ‘गळतीचं मानसशास्त्र’ या विषयावर बोलले. टाळ्या पडल्या, ढाल मिळाली. आभाराच्या शेवटच्या ओळीत सिस्टरचं नाव होतं, आडनाव चुकलेलं. पुढे गळतीवर समिती नेमली गेली तेव्हा अध्यक्ष तेच झाले. माझ्याकडे त्यांनी ‘संशोधनातील नीतिमत्ता’ हा विषय शिकवायला दिला. तो मी आजही शिकवतो. विद्यार्थी म्हणतात, सर फार तळमळीने शिकवतात.

सिस्टर आता एका सरकारी दवाखान्यात आहे. दातांच्या विभागाला लागून तिची खोली, भिंतीतून दिवसभर ड्रिलचा आवाज येतो. नवऱ्याने पेशंटांच्या पिशव्या टांगायला लोखंडी खुंट्या करून दिल्या आहेत. संध्याकाळी सहानंतरही ती माणसं बघते. जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करते आणि तो काय म्हणाला ते लिहून ठेवते. या नोंदींवर तिचे एकाच वर्षी दोन निबंध आले. आमच्या वरच्या मजल्यावरून त्या वर्षी एकही आला नाही.

दीड महिन्यापूर्वी मी शिक्षकांच्या घरी गेलो. का गेलो ते मला चांगलं सांगता येणार नाही. झोप नीट लागत नव्हती, असं समजा. त्यांनी दार उघडलं, शेजारच्या मुलांच्या वह्या तपासत होते. मी कोण ते सांगायला लागलो, तर म्हणाले, ओळखलं.

“तुम्ही घड्याळाकडे बघत होतात,” ते म्हणाले. “मी तुमच्याकडे बघत होतो.”

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, ठीक आहे वगैरे काही म्हणाले नाहीत. मग विचारलं, अजून पेशंट बघता का. मी म्हणालो, नाही, शिकवतो. “बरं,” असं म्हणून त्यांनी पुढची वही ओढली.

तिथून मी सिस्टरकडे गेलो. तिला म्हणालो, मला तुमच्या हाताखाली बसायचंय, पहिल्यापासून शिकायचंय. समितीच्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

“ये मंगळवारी,” ती म्हणाली. “खुर्चीवर बसायला नाही. बाहेरच्या बाकावर पेशंटांबरोबर बस आणि कोण उठून निघून जातंय ते बघ. तीन महिने एवढंच.”

आतापर्यंत मी चार मंगळवार गेलो आहे. मधल्या दोन मंगळवारी विभागाच्या मीटिंगा होत्या, आणि त्या मला चुकवता आल्या असत्या.